आंब्याचा देठ

लुमाण्णाला मराठी वाचता येत नव्हतं,
कन्नडही नाही.
तरी रताळ्याच्या दिवसांत यार्डातल्या
एकेका पोत्यावर त्याचाच हात फिरलेला.
डालड्याच्या डब्यात काळा रंग,
काठीला गुंडाळलेली चिंधी,
आणि गावागणिक एक चित्र.

हिरेकोपला फणी,
कारण तिथल्या भरमा म्हेत्रीचा आजा
बाजारादिवशी फण्या विकायचा.
देवळीमाळला नुसती आडवी रेघ.
का रे, विचारलं तर म्हणाला,
"तिथलं रान बघितलास काय कधी?"

ओढ्याच्या अल्याड आंबेवाडी,
पल्याड आंबेकोप.
अल्याडची म्हातारी म्हशीला मराठीत शिव्या घालते,
पल्याडची कन्नडात.
म्हैस दोन्हीकडं तशीच बघते,
रवंथ न थांबवता.
दोन्ही गावांना त्यानं आंबाच दिला,
वाडीचा देठ डावीकडं,
कोपचा उजवीकडं.
हमालांचा कधी घोळ झाला नाही.

झाला, एकदाच.
सातेरीनं थप्पी उलटी लावली
आणि वाडीची पट्टी कोपात गेली.
आठव्या दिवशी पैसे परत आले,
रुमालात बांधून, ओढा ओलांडून,
सोबत वाटीभर कारळ्याची चटणी.
वाटी अजून आमच्याकडंच आहे.
आई म्हणायची, रिकामी कशी परत द्यायची,
आणि द्यायजोगं काही करायचं
दरवर्षी राहून जायचं.

आता पट्टी यंत्रातून निघते.
गोल गोल अक्षरं, एका उंचीची.
माझं नाव त्यात कुठंतरी असतं,
रकमेवरून मी ओळखतो.
लुमाण्णाचा डबा
कुठल्या काट्यामागं वाळून गेला,
कोण सांगणार?
तो गेला तेव्हा बाजाराचा दिवस होता,
माती द्यायला आम्ही उशिरा पोचलो,
हाताला चीक तसाच.

परवा होनव्वाकडं गेलो,
लावणीला वेल मागायला.
परड्यात न्हाणीला पडदा म्हणून पोतं लावलेलं.
कुठं कुठं हिंडून आलेलं ते.
कुणा परमुलखातल्या दलालाचा हिरवा शिक्का,
त्यावर कांद्याचा वास,
एका कोपऱ्याला उंदरानं केलेली खिडकी,
आणि सगळ्याच्या खाली
विटलेला, पण आमचाच, आंबा.

देठ नेमका शिवणीत गेलेला.

वाकलो, बोटानं सुतळी जरा सरकवली,
म्हटलं, "होनव्वा, हे वाडीचं पोतं की कोपचं गं?"

आत तांब्या थांबला.
"आधी मागं सरक बाबा," ती म्हणाली,
"वाळलं की बघ."