शेवटचं टिंब

राजेशम येमुल सांगतात,
वाटणीत सगळं आलं होतं.
अक्कलकोट रोडच्या शेडमधले बारा माग, सहा-सहा.
बॉयलर यांच्याकडे, रंगाचे हौद मल्लेशमकडे,
आईचा चांदीचा करंडासुद्धा तागडीत घालून.
नाव तेवढं राहिलं.
पाटीवरचं नव्हे, ते रंगवून दिलं दोघांना.
इंटरनेटवरचं.

मी नाझनीन. कुणाचा प्रिंटर, कुणाचं जीएसटी,
आज यांचा टॉवेल.
नवी साइट आठवडाभर खपून उभी केली,
सहा रंग, तीन मापं, खाली भाव.
तरी यांच्या मोबाइलवर जुनीच उघडते:
दोघं भाऊ शेजारी शेजारी,
एकाच टॉवेलची दोन टोकं धरून.

"म्याडम, हे काढा."
मी काढलंय, काका. जगाला कुणी सांगितलं नाही.

नावाला पत्ता नसतो, पत्ता विचारावा लागतो.
विडी घरकुलात नवा माणूस आला
की आधी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतो, तसंच.
तुमच्या नावाचा पानवाला अजून जुनाच,
बिचारा इमानदारीनं जुनं घर दाखवतो.
नव्याला मी सगळं पाठ करून दिलंय,
पण त्याच्या टपरीवर गिऱ्हाईकच नाही.

"मग बदला की पानवाला."
बदलायला कुलूप उघडावं लागतं
आणि कुलपाचा आकडा जातो
सत्तेचाळीसनं संपणाऱ्या मोबाइलवर.

राजेशम स्क्रीनकडं बघत बसले.
तीन वर्षं झाली होती.
मग स्पीकर लावून एवढंच म्हणाले,
"आकडा आलाय बघ."
पलीकडं मागांची खडखड,
चष्मा शोधण्याइतका वेळ,
मग तेलुगूत, फणीतून धागा ओढावा तसे एकेक:
नालुगु. सुन्ना. एडु. एडु. रेंडु.
माझं तेलुगू शेजारच्या गल्लीपुरतं,
आकड्यांना पुरलं.
सहाव्याला आवाज अडला.
"चार नंबर अजून डावीकडं ओढतो का?"
"ओढतो."
"मूडु."

पानवाला बदलला.
आता थांबायचं, म्हटलं.
जुना पत्ता ज्यानं ज्यानं ऐकलाय
त्याला तो विसरायला मुदत असते,
शहाऐंशी हजार चारशे सेकंद, कधी दुप्पट.
रात्री अशोक चौकात नवी दिसली,
हैदराबादच्या एजंटाला अजून
टॉवेल धरलेले दोघं दिसत होते.

दुसऱ्या दिवशी साइट सगळीकडं बरोबर,
पण मेल येईना. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी
गेल्या वाटेनं परत.
"त्यानंच केलं असणार काहीतरी," राजेशम म्हणाले,
सकाळपासून चौथ्यांदा.

ताण्यात तुटका धागा शोधतात
तसं एकेक ओळीवर बोट ठेवत गेले.
मेलच्या ओळीत, अगदी शेवटी, टिंब नव्हतं.
टिंब नसलं की यंत्राला वाटतं, नाव अर्धवट आहे,
आणि ते आपल्या पदरचं घराणं पुन्हा जोडतं:
येमुलटॉवेल्स डॉट इन डॉट येमुलटॉवेल्स डॉट इन.
असं घर पृथ्वीवर नाही.
टपालवाला तरी काय करील.

"माझी चूक," म्हटलं. "त्यांची नाही."
"केवढी?"
मी नखाचं टोक दाखवलं.
ते बराच वेळ नखाकडं बघत होते.

टिंब दिलं. अर्धा तास दिला.
कुठूनही एक मेल पाठवायला सांगा, म्हटलं.
ते उठून बाहेर गेले, उन्हात, चप्पल न घालता,
कुणाशी बोलले ऐकू आलं नाही.

साडेपाचला आली.
विषयाची जागा रिकामी. आत एकच ओळ:
चार नंबरची डावी वादी बदल.
पाठवणाऱ्याचं नाव मी वाचलं, उच्चारलं नाही.

बिल सातशे झालं. टिंबाचे लावले नाहीत.
निघताना एक टॉवेल दिला,
कडेला धागा सुटलेला, सेकंडचा.