हललेली

माझगावात, बंदर खात्याच्या जुन्या गोदामात
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
त्यावर दुधी उजेडाची एक पेटी
आणि शेजारी खोक्यांत चौदाशे काचा,
भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांत गुंडाळलेल्या.
काच कडेला धरून उचलायची,
मऊ ब्रशनं झटकायची, स्कॅन करायची
आणि रकाने भरायचे:
स्थळ. साल. इंजिन. व्यक्ती.

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं आई म्हणायची.
काचेवर तसं नसतं.
काचेवर कोळसा पांढरा,
मिठागरातल्या राशीसारखा रचलेला.
साहेबाची टोपी काळी, दात काळे,
आणि पाट्या वाहणाऱ्या बायांचे चेहरे
असे उजळ, की डोळे दिपावेत.
मग मी एक बटण दाबते
आणि सगळं जिथल्या तिथे परत जातं.

दोनशे सतरावी काच.
स्थळ: कोळसा बंदर. वेळ: सकाळ.
कोपऱ्यात इंजिनाचा नंबर कोरलेला, वळणदार,
त्याखाली ड्रायव्हरचं नाव, वाघिणी अकरा.
पडावापासून वाघिणीपर्यंत टाकलेल्या फळीवर
एकवीस माणसं, डोक्यावर पाट्या,
श्वास धरून,
कारण कुणीतरी हात वर करून ओरडलं असणार, हलू नका.
व्यक्ती: मजूर.
एवढंच.

फळीच्या टोकाला एकजण तेवढी हललेली.
तोंडाच्या जागी धूर.
उजवा पाय ठळक, जोडवं मोजता येईल इतका.
डावा दोन ठिकाणी आहे.
मला वाटलं, काच बिघडलीय.
शेरा लिहिला: सदोष.

शुक्रवारी सुदाम तुपसौंदर आले.
बंदराच्या रेल्वेत चौतीस वर्षं सांधेवाले,
राहायला दारूखान्यात.
पेन्शनच्या कागदासाठी खालच्या मजल्यावर येतात
आणि जिना चढून माझ्याकडे, पंख्याखाली बसायला.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्यात पाहिलं.

सकाळ लिवलंय? खोटं हाय.
सावली पाण्याकडं पडलीय, तीन वाजून गेलेत.
हा सांधा बघा, ह्यो मी हाणलाय.
दांडा तवाच वाकडा, माझ्या वक्तालाबी वाकडाच.
मग त्या बाईवर बोट,
पडद्याला न टेकवता.
हिची चुंबळ डावीकडं कललीय. डावखुरी.
डावखुऱ्याला फळीवर शेवटाला ठेवायचे,
पाटी वळवताना दुसऱ्याला लागती.

पण हलली का, मी विचारलं.

ते हसले, लहान पोरानं पैशाचं झाड कुठे असतं
असं विचारल्यावर हसावं तसे.
पाटीमागं एक बिल्ला मिळायचा, बाई.
संध्याकाळी बिल्ले मोजून पैसे.
माझी आजा-आजी त्याच फळीवर. ही नव्हं, ही कोण म्हायती नाय.
फोटोवाल्यानं बिल्ला दिला असता
तर राहिली असती की उभी.

ते गेल्यावर मी माणसं पुन्हा मोजली.
वीसजण उभे होते, फुकट.
ती कामावर होती.

सदोष खोडलं. वेळ बदलली.
व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं:
एक डावखुरी बाई. थांबली नाही.

दुपारी वरून फाईल परत:
हे शब्द यादीत नाहीत, कृपया मजूर निवडा.
मी तशीच पाठवली.
ती पुन्हा आली, मी पुन्हा पाठवली,
खालून वर, वरून खाली,
त्याच अरुंद जिन्यावरून.
सोमवारपर्यंत तिच्या सहा खेपा झाल्या.