कुमसार

पाद्र विगार, मी पास्कू, चिखलीचा पदेर.
गुडघे वाकत नाहीत आता, उभ्यानंच सांगतो.
तुमच्याआधी सहा विगार झाले या इगर्जीत.
सहांनाही सांगितलं: पिठात कोंडा मिसळला,
सूर जास्त प्यालो, बायकोवर हात उचलला.
पावातलं सांगितलं नाही.

लढाईची वर्षं. पोर्तुगाल म्हणे कुणाच्याच बाजूचा नव्हता,
गहू मात्र आमच्याही वाट्याला येत नव्हता.
मुरगावच्या बंदरात जर्मनांची बोट
इतके दिवस नांगर टाकून उभी, की
साखळीला कालवं धरली होती
आणि खलाशांना कोंकणीतल्या शिव्या येत होत्या.

त्यातला एक दर आयतारी मिस्साला यायचा.
हेल्मुट. बिनतारी यंत्रावरचा. कान मोठे, पुढे आलेले.
लॅटिन त्याला कळत नव्हतं, आम्हालाही नाही,
पण आमेन तो बरोबर आमच्याच जागी म्हणायचा,
आणि एर्मेलिंदचं आमेन
हळूहळू त्याच्यासाठी थांबू लागलं.

एर्मेलिंद वेदीची वस्त्रं शिवायची, कांजी करायची.
पोई ताजी आहे का, बोटानं दाबून बघायची.
तिनं दाबून नाकारलेली पोई
मी कुणाला विकली नाही. ती माझी न्याहारी.

एक दिवस म्हणाली,
पास्कू, बोटीवर पाव तूच नेतोस ना?
उंड्याच्या तळाला चीर, आत चिठ्ठी, वर पिठाचं पुसट बोट.
मला वाचता येत नव्हतं,
म्हणून तिचा माझ्यावर भरवसा.

मग कोळशाचा व्यापारी आला, मुंबईहून.
स्वतःचं नाव दर वेळी जरा वेगळं उच्चारायचा,
नखांत कोळसा कधी दिसला नाही.
म्हणाला, पाव आधी मला दाखव.
एका चिठ्ठीला पाच रुपये.
मी घेतले. पैशासाठी नाही घेतले, पाद्र विगार,
हेच तर सांगायला आलोय.
तो चिठ्ठी वाचायचा, मला माझ्या भाषेत सांगायचा.
'आज तुझे कान आठवले
आणि सुई हातातच मोडली.'
दुसऱ्याला लिहिलेलं होतं.
पण मला ऐकायचं होतं.

कार्नावालच्या आधीच्या शुक्रवारी
तो वाचता वाचता थांबला.
'मंगळवारी सगळे साहेब नाचाला क्लबात जातील.
तू सड्यावरच्या खुरसापाशी ये.'
पुन्हा वाचा, मी म्हटलं.
त्यानं घडी घालून चिठ्ठी परत दिली,
वर दहा रुपये.

मंगळवारी रात्री बोट पेटली.
कोण आलं समुद्रातून, मला ठाऊक नाही.
हेल्मुट खुरसापाशी होता. गुराख्यांनी पाहिलं:
ज्वाळा दिसल्या तसा त्यानं तिचा हात सोडवला
आणि उतारावरून धावत सुटला
आपल्या यंत्राकडे, की आपल्या माणसांकडे.
पुढे त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही,
मेलेल्यांच्या नाही, धरलेल्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार.
विगारांनी आमच्या कपाळांवर राख लावली,
गेल्या वर्षीच्या झावळांची.
वाऱ्यानं आणलेली दुसरी राख
वाळत घातलेल्या वेदीवस्त्रांवर बसली होती.
एर्मेलिंदनं ती झटकली नाही.
तशीच वरून इस्त्री फिरवली.

त्यानंतर एकेचाळीस वर्षं
ती माझ्याकडूनच पाव घेत राहिली.
उंबऱ्यावर उभी राहून मोडायची,
आत बघायची,
मग पैसे मोजायची.
विचारलं कधीच काही नाही.

परवा तुम्हीच तिच्यावर माती टाकलीत.
आज सकाळी सायकल सवयीनं तिच्या दारात थांबली.
मी उंडा काढला, मोडला.
नुसती वाफ.

प्रायश्चित्त सांगा.
कागदावर लिहून देऊ नका,
मोठ्यानं सांगा, पाद्र विगार.
मला अजून वाचता येत नाही.