हातचा

चार युनिटं खर्चून पाणी वर चढवायचं,
ते खाली येताना तीनच देतं.
वित्त विभागातले पारुळेकर दर तिमाहीला विचारतात,
चौथ्याचं काय झालं?
मुकादमसाहेब चहात खारी बुडवत म्हणतात,
सोनार घट धरतो ना,
तशी ही घट.

पारुळेकरांना सोनार पटतो. घट पटत नाही.

चेंबूरच्या आमच्या खोलीला खिडकी नाही.
दिवसाचे शहाण्णव तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे,
प्रत्येकाचा भाव वेगळा.
बांगडा निदान दुपारपर्यंत टिकतो,
वीज तेवढीही टिकत नाही.
म्हणून घाटात दोन तळी, एक वर, एक खाली.
मी दोन्ही पाहिलेली नाहीत.
अकरा वर्षं पडद्यावर एक निळी रेघ पाहतेय,
चढते, उतरते,
तिला ओलावा नाही.

साहेबांची तीस वर्षं रात्री गेली.
शहर झोपलं की वीज स्वस्त,
तेव्हा पंप लावायचे.
मुलीच्या लग्नातही म्हणे ते
दुपारच्या पंगतीत बसल्या बसल्या पेंगले.
मग कुठे कुठे माळांवर काचा उगवल्या
आणि भाव उलटला.
आता दुपारी एकला वीज पडेल भावाने जाते,
रात्र महाग.
साहेबांना दिवसपाळी दिली, निवृत्तीला सात महिने असताना.
पहिल्याच दुपारी पंप सुरू झाले,
पाणी चढत होतं
आणि त्यांची मान हळूहळू खाली.
मी आवाज बंद केला अलार्मचा. तेवढंच करता आलं.

हिशेब तसा सोपा आहे.
दोन रुपये दहा पैशांना घेतलेलं
दोन ऐंशीच्या खाली विकलं तर तोटा.
वर विकलं तरी आधी व्याज, मग पगार, मग बेअरिंगं.
ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं,
दुपार आणि संध्याकाळ एकाच भावाच्या होतात,
यंत्रं गप्प बसून राहतात.
व्याज बसत नाही.
अशाच एका तिमाहीत पारुळेकरांनी लाल शाईने लिहिलं:
हे तळं पोसायचं कशाला?

त्याच आठवड्यात, गुरुवारी, संध्याकाळी सात अकराला
एक मोठा संच पडला.
वारंवारता घसरायला लागली,
माझ्या तोंडाला कोरड.
साहेबांनी फोन उचलला, दोनच शब्द बोलले,
"सोड पाणी."
नव्वद सेकंद.
रेघ खाली आली, आकडा सावरला.
बाहेर लिफ्ट थांबली नाही,
कुणाच्या ताटावर अंधार पडला नाही,
शस्त्रक्रियेतल्या कुणाचा हात थबकला नाही.
काहीच घडलं नाही
आणि त्याचं बिल कुणाला पाठवणार?

मार्चमध्ये साहेब गेले. शाल, नारळ, घड्याळ.
(घड्याळ! खोलीभर हसलो.)

आज तिमाहीचा तक्ता माझ्याकडे आहे.
खरेदी, विक्री, घट, व्याज.
गुरुवारच्या त्या नव्वद सेकंदांसाठी
एक रकाना जास्त घातलाय,
त्याला नाव सुचत नाही.
पारुळेकरांचा फोन दोनदा येऊन गेला.

शाळेत बेरीज करताना
बाई ओरडायच्या, हातचा विसरू नका गं,
आणि आम्ही तो लिहायचो,
बारीक,
डोक्यावर,
उत्तरात न दिसणारा.