डावा घोटा

टोलीडोत जानेवारीत साडेपाचलाच अंधार पडतो.
मॉमी नदीवर बर्फाची साय,
आणि या तळघरात दोन टेबलं,
पांढऱ्या टेपची चाळीस रिळं,
बारा माणसांचे चोवीस घोटे.

दुसरं टेबल पोरांचं. ते वेन्डेल सांभाळतो.
पहिलं माझं, आणि त्यावर पहिला रॉस्को. नेहमीच.
असं कुठे लिहिलेलं नाही.
पंगतीत पहिलं पान कुणाचं, हेही कुठे लिहिलेलं नसतं.

अकरा वर्षं मी त्याचे पाय बांधते आहे.
उजव्या गुडघ्यावर तीन व्रण, अंगठ्याचं नख गेलेलं,
टाचेची कातडी वहाणेसारखी.
बस डेपोजवळ त्याचं पोस्टर आहे, चार मजले उंच.
त्यात पाय दिसत नाहीत.

मंगळवारी हरल्यावर तो माइकसमोर म्हणाला,
"पोरांना अजून हरण्याचा राग येत नाही."
पोरं तेव्हा इथंच होती, बर्फाच्या बादल्यांत पाय सोडून.
कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.
ओठ हलतच राहिले.

मग शुक्रवार. शेवटचे नऊ सेकंद.
रॉस्को हात वर करून चेंडू मागत होता
आणि जकाइनं त्याच्याकडे पाहिलं,
नीट पाहिलं, मी बाकावरून बघत होते,
आणि स्वतःच उडाला.
चेंडू कड्यावर दोनदा फिरून बाहेर.
एकवीस वर्षांचं पोर!
परतताना विमानात कुणी बोललं नाही.
मागच्या सीटांवरचे फोन एकदम उजळले, एकदम विझले.
रॉस्कोचा सोडून.

इस्लामपूरला शाळेत आम्ही खो-खो खेळायचो.
बाई सांगायच्या, खो मागून द्यायचा, पण मोठ्यानं,
आणि जिला उठवलं तिच्या जागी आपण बसायचं.
उठवून उभं राहिलात तर फाऊल.

आज दार उघडलं तर पहिल्या टेबलावर जकाइ.
कानांवर हेडफोन, मोजे काढून शेजारी ठेवलेले.
मागोमाग रॉस्को.
तो दारातच थांबला.
माझ्या हातात रीळ, आणि टेपचं टोक सापडेना.
नखानं चाचपत राहिले,
लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

पलीकडे ड्रायरची घरघर, टॉवेल गरगरताहेत.
रॉस्कोनं बॅग खाली ठेवली.
"डावा घट्ट बांध," म्हणाला, मला. त्याला नाही.
"उतरताना आत वळतो त्याचा.
नोव्हेंबरपासून."

मी घोट्याच्या आतल्या बाजूला बोट दाबलं.
जकाइचा चेहरा तसाच,
पायाची बोटं मात्र आवळली.
वेन्डेल म्हणाला, मला तर काही बोलला नाही हा.

हेडफोन त्यानं काढले नाहीत.
पण त्यांत गाणं नव्हतं, बहुधा आधीपासूनच नव्हतं,
कारण मी काही म्हणायच्या आत
डावा पाय पुढे आला.

दुसरं टेबल रिकामं होतं.
रॉस्को त्यावर बसला नाही.
भिंतीला टेकून उभा,
एक मोजा काढलेला, एक तसाच.