कोरम

तेरा कप मांडले मी.
ठरावाला नऊ हात लागतात,
नवव्या खुर्चीवर वामनराव निंभोरकरांची पिशवी.
आठजण घड्याळाकडे पाहतात,
आणि पाच, रस्त्यापलीकडे,
पंक्चरच्या दुकानातल्या बाकड्यावर
पाय हलवत बसलेत.

बँकेची मुदत आज. पाच वाजेपर्यंत.
लिमिट मिळालं तर उद्या कापसाचे चुकारे,
नाही तर जिनिंगला कुलूप.
हे सगळ्यांना पाठ आहे.
त्या पाचांना जरा जास्तच.
तेच तर त्यांचं भांडवल.

दोन वाजता मीच किटली घेऊन गेलो.
"पाच वाजेलोक पाहू," गुणवंत ढोले म्हणाले,
"तेच येतीन पायऱ्या उतरून."
"आन नाही उतरले त?"
त्यांनी सुपारी कातरली.
"उतरतेत गा माणिक.
आधी डोया कोनाचा लवते, तेवढंच पाहाचं हाय."

खरेदी समिती पाहिजे त्यांना. एक खुर्ची, एक शिक्का.
वरचे म्हणतात, आज पाचांना दिलं
तर उद्या तिघं जाऊन बसतील पंक्चरच्या दुकानात.
खोटं नाही तेही.

फाटकाबाहेर रांग एसटी स्टँडपर्यंत:
ट्रॅक्टर, छोटा हत्ती, मागे दोन बैलगाड्या.
खाजगी जिनिंगचा पोरगा मोटरसायकलवर फिरतो,
तीनला साडेसहा हजार, नगदी.
चारला सहा हजार तीनशे.
कोणी त्याला हाकललं नाही.
मग दोन गाड्या रांगेतून वळल्या.
वळताना ड्रायव्हर कोणाकडे पाहत नव्हते.

शेडमध्ये बायका सकाळपासून बसून.
शेवंता कोवे म्हणते,
"पाच कोन, आठ कोन, मले काय कराचं?
आज हजेरी लागन का, तेवढं सांग."
मला सांगता येईना, म्हणून
मी ढिगात हात घातला, कोपरापर्यंत.
ओला माल, तीन दिवसांचा.
वरून थंड, पांढरा.
आत ऊन,
भाकरी झाकून ठेवलेल्या टोपल्यासारखा.

पावणेपाचला ते आले. हसत.
कोणी कोणाला काय दिलं
माहीत नाही, मला दार ओढून घ्यायला सांगितलं.
तेरा सह्या झाल्या. एक टाळी, सगळ्यांनी मिळून.
मॅनेजर फोनवर म्हणाला, वेळेत आहे, करतो,
पण पुढच्या खेपेला जामीन वाढवा,
आणि व्याज दीड टक्का वर.
"तुमच्याकडे कधी काय होईल, भरवसा नाही साहेब."
हे वाक्य इतिवृत्तात नाही.
इतिवृत्तात आहे: सर्वानुमते.

कप धुतले. पाचांवर साय धरली होती.
घरी नेली असती, पण एकात माशी.

फाटक उघडलं तर रांग अर्धीच.
काट्यावरचा हाफिज म्हणाला,
"रिकामा हाय, पन शून्यावर येऊनच नाही रायला."
माती अडकली असन, मी म्हटलं,
आणि बॅटरी घेऊन खाली वाकलो.
माती नव्हती.