पाऊण ब्रास

बोरामणीच्या शाळेत घनफळाचा धडा आला
तेव्हा माझ्या बाकाकडे न बघताच गुरुजी म्हणाले,
"हे तुमच्या लोकांना जरा जड जाईल."

जड?
जड तर दगड असतो.

खाणीवर अम्मा खडीचा ढीग
भेगाळल्या पावलांनी मोजते,
लांबी, मग रुंदी,
उंची कमरेला लावून.
ट्रॅक्टरवाला म्हणतो, दोन ब्रास.
पावणेतीन, ती म्हणते,
वडारीत, स्वतःशीच.
पैसे दोनाचेच मिळतात.

फळ्यावरची पाण्याची टाकी मी तोंडीच सोडवली.
"कुणाचं बघितलंस?"
अम्माचं,
म्हणायचं राहून गेलं.

आता वहीच्या मागच्या पानावर
तारीख घालून मांडते
रोजचा पाऊण ब्रास.
बेरीज
अजून केली नाही.